डाव्या खांबावरचं हँडल

माझ्या गाडीच्या डाव्या खांबावरचं हँडल मी काढायला लावलं. मिस्त्रीनं पान्याला हात घालण्याआधी मला सरळ विचारलं होतं, की हे कोणी धरतं का? मी म्हणालो, कोणी न्हाई. त्यानं पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा तेच म्हणालो. म्हणजे चूक घाईगडबडीत झाली असं म्हणायची सोयही मी स्वतःला ठेवली नाही.

खांब म्हणजे गाडीची पुढची काच आणि पुढचं दार यांच्या मधला तिरपा पट्टा, जो वर छतापर्यंत जातो. मिस्त्री लोक त्याला पिलर म्हणतात. माझी गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची, जीपच्या जातीची. इतकी उंच की आत शिरायचं म्हणजे पायरीवर पाय देऊन अंग वर ओढावं लागतं. त्यासाठीच ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या बाजूला, खांबावर, एक काळं वाकडं हँडल होतं. ड्रायव्हरच्या बाजूला नव्हतं. ड्रायव्हर स्टिअरिंगला धरून चढतो. मीही तसाच चढायचो. त्यामुळं गाडीत स्टिअरिंगशिवाय आणखी काही धरायची वस्तू आहे, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

मी हिंगोलीत एका कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पोरांना नादकाटे, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, काढून देणं, तास संपला की परत घेणं, आणि कोणी नादकाटा रबराऐवजी टेबलाच्या कडेवर आपटला की ओरडणं, हे माझं काम. इतकी वर्षं नादकाट्यांच्या संगतीत काढल्यावर मला असं वाटायला लागलं होतं की आवाज हा आपल्या हातचा विषय आहे. प्राध्यापकांना त्यातलं पुस्तकातलं कळतं, आपल्याला खरं कळतं. कॉलेजात हा गैरसमज कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण तिथं मला कोणी काही विचारत नाही. तो बाहेर पडला गाडीत.

गाडी मी वहिनीसाठी घेतली असं लोकांना सांगायचो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. ती पुसेगावला अंगणवाडीत होती. लेकरांमधे फरशीवर बसून, उठून, पुन्हा बसून तिचे दोन्ही गुडघे गेले. नोकरी संपल्यावर ती हिंगोलीला आमच्याकडं राहायला आली. मी शाळेत असताना माझा डबा तिनंच भरला, माझी मारामारीत फाटलेली चड्डी तिनंच शिवली, त्यामुळं मला टोमणे मारायचा तिचा हक्क घटनेनंच दिल्यासारखा पक्का आहे. तो ती वापरते. पण स्वतःला काही हवं असलं की तिचं तोंड बंद. पाणी संपलं तर ग्लास घेऊन स्वतः उठेल, गुडघ्याला हात लावत माठापर्यंत जाईल, आणि वाटेत आपल्यालाच विचारील, तुमाला देऊ का म्हणून.

तिची सख्खी मोठी बहीण हट्ट्याला असते. वहिनी तिला आक्का म्हणते म्हणून आम्हीही आक्काच म्हणतो. आक्काच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात आणि उजवा पाय कामाचा राहिला नाही. जीभ मात्र जशीच्या तशी. आक्काच्या अंगावर मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, केस. वय झालं तरी कमरेच्या खाली जायचे. दर रविवारी वहिनी हट्ट्याला जायची, बाजेवर आक्काच्या मागं बसायची, केस सोडायची, तेल मुरवायची, बोटांनी एकेक गुंता सोडवायची आणि घट्ट वेणी घालून द्यायची. ती वेणी पुढच्या रविवारपर्यंत पुरायची. सुनेला आक्का हात लावू देत नव्हती. ती ओढते म्हणायची. सून खरं तर चांगली आहे, पण तिला शाळेची घाई, आणि घाईत विंचरलेलं आक्काला चालत नव्हतं.

बसनं जायचं तर दोनदा बदलावी लागायची आणि प्रत्येक ठिकाणी उभं राहावं लागायचं. डॉक्टरांनी उभं राहायलाच मना केलं होतं. म्हणून रविवारी माझी गाडी. औंढा, जवळा बाजार, हट्टा. जाताना वहिनीची भीमगीतं, येताना माझी जुनी हिंदी गाणी, असा आमचा करार. दोन वर्षं हा करार नीट चालला.

मग मला ट्वीटर सुचले.

ट्वीटर म्हणजे पेढ्याएवढे स्पीकर. गाण्यातला बारीक, वरचा आवाज त्यांच्यातून येतो: घुंगरू, झांज, बासरीचं टोक, गाणाऱ्याचा ‘स’. जुन्या गाडीत दारातले दोन मोठे स्पीकर तेवढे होते, आणि त्यातून कोणीही गायलं तरी रांजणात तोंड घालून गायल्यासारखं वाटायचं. मी महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले. तिथं एक मनुष्य फार गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, की ट्वीटर कोणता घेतला याला फार किंमत नाही, तो कुठं बसवला याला आहे. कानाच्या उंचीला पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखा पाहिजे. मग डोळे मिटले की गाणारा समोर बोनेटवर बसून गातोय असं वाटतं. मला ताबडतोब बोनेटवर कोणीतरी बसलेलं हवं झालं.

ट्वीटर आणले, पण भोकं पाडण्याआधी जागा आजमावून बघायच्या होत्या. चिकटपट्टीनं ते धरेनात. मग मी स्वयंपाकघरातून मळलेल्या कणकेचा एक गोळा उचलला, त्याचे दोन भाग केले आणि ट्वीटर कणकेत खोवून गाडीत ठिकठिकाणी चिकटवत सुटलो. आधी दाराच्या बाहेरच्या आरशामागं जो तिकोना असतो, त्यात लावले. आवाज गुडघ्यापाशी येऊन घुटमळायला लागला. मग डॅशबोर्डच्या कोपऱ्यात. तिथं तो काचेवर आपटून परत यायचा, एक गाणं दोन माणसं म्हणतायत असं वाटायचं. मग दोन्ही खांबांवर. आणि खरंच सांगतो, तिथं ते झालं. गाणारा समोर आला.

व्हिडिओतला मनुष्य असंही म्हणाला होता, की शेजारी माणूस बसला की आवाज थोडा शोषला जातो, तेव्हा परीक्षा माणूस बसवूनच घ्या. माणूस कुठून आणणार? मी घरातली एक जाड गोधडी आणली, गुंडाळली आणि शेजारच्या सीटवर बेल्ट लावून बसवली. वहिनीच्या अंगाच्या मानानं बराबर होती. गोधडी बसवून मी सगळ्या जागा पुन्हा तपासल्या. गोधडी उचलून आत ठेवणारा मीच, बाहेर काढणाराही मीच. गोधडीला हँडल लागत नव्हतं.

संध्याकाळी बायको म्हणाली, कणीक कमी कशी झाली. मी म्हणालो, मला काय माहीत. ही त्या प्रकरणातली माझी पहिली थाप, आणि ती तशी लहान होती.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडं नेली. गाड्यांच्या सजावटीचं त्याचं छोटं दुकान आहे. हात सोन्याचा, बोलणं कमी. मी त्याला खांबावरच्या जागा दाखवल्या. तो म्हणाला, “साहेब, आरशामागच्या तिकोन्यात टाका. समदे तिथंच टाकतात. वायर बी बराबर जाते.”

मी त्याला नादकाट्यापासून सुरुवात करून समजावून सांगितलं. त्यानं ते उभ्यानं ऐकून घेतलं. उजव्या खांबावर अडचण नव्हती. डाव्या खांबावर, जिथं ट्वीटर यायला पाहिजे होता नेमकं तिथं हँडल. दोन्ही ट्वीटर एका उंचीला यायचे तर हँडलनं जायला पाहिजे. मिस्त्रीनं हँडलवर हात ठेवला, ओढून बघितलं. मजबूत होतं.

“हे कोन धरतं का?”

“कोणी न्हाई.”

“घरात कोन म्हातारं माणूस?”

“आहेत. पण धरत न्हाईत.”

आता हे मी कशावरून सांगितलं? वहिनी दोन वर्षं दर रविवारी माझ्या शेजारी बसत होती. पण ती बसते कशी, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी आधी आत शिरायचो, चावी फिरवायचो, आणि मान खाली घालून गाणी शोधत बसायचो. मग कधीतरी दार लागल्याचा आवाज यायचा आणि शेजारी वहिनी असायची. मला वाटायचं की माणसं अशीच येतात.

मिस्त्रीनं हँडल काढलं, मला दिलं. मी ते मागं टाकून दिलं, स्टेपनीच्या खाली.

पहिल्या रविवारी मी उत्साहात होतो. आत बसून गाणंही लावून ठेवलं, म्हणजे वहिनी बसल्याबरोबर तिला कळावं. ती यायला वेळ लागला. दार मागं-पुढं झालं, कुरकुरलं. मी मान न उचलता म्हणालो, वहिनी, चला की, गाणं संपून राहिलं. अखेर ती बसली. धापा टाकत होती. कपाळावर घाम होता, ऐन थंडीत. तिनं खांबाकडं बघितलं, ट्वीटरकडं बघितलं आणि म्हणाली, “हे काय बसवलं भावजी? डोळा?”

मी तिला औंढ्यापर्यंत सांगत गेलो. ती हं हं करत होती. जवळा बाजार आल्यावर मी विचारलं, कसा वाटला आवाज? चांगला हाय, म्हणाली. येतानाही तिचं बसणं लांबलं, पण तेव्हा मी आक्काच्या सुनेला, ती बिचारी दारात निरोप द्यायला आलेली, ट्वीटर दाखवत होतो.

त्याच्या पुढच्या रविवारी वहिनीचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी तिला बिब्बे निवडायचे होते. आमच्या घरात बिब्ब्याला कोणी हात लावत नाही, ते कुठून आले ठाऊक नाही. मग एका रविवारी पौर्णिमा आली, विहारात जायचं म्हणाली. विहार आमच्या गल्लीत आहे, चालत जाता येतं. मग कोणी पाव्हणे येणार होते, जे आले नाहीत. असे पाच रविवार गेले.

मला काही कळत नव्हतं असं नाही. मला चुकीचं कळत होतं, आणि ते मी फार बारकाईनं कळून घेत होतो. माझ्या डोक्यात असं बसलं, की डावा ट्वीटर वहिनीच्या कानाच्या अगदी जवळ आहे, त्याचा बारीक आवाज तिच्या कानात सुईसारखा जात असणार, आणि ती स्वभावानं बोलत नाही. झालं. मी मिस्त्रीकडं गेलो, डावा ट्वीटर थोडा वर छताकडं वळवून घेतला. वहिनी आली नाही. पुन्हा गेलो, आता तो उजव्या ट्वीटरकडं तोंड करून बसवला. तरी आली नाही. तिसऱ्यांदा त्यावर पातळ कापड लावून घेतलं. मिस्त्री प्रत्येक वेळी गप्प राहून काम करायचा. त्याचं गप्प राहणं मला कौतुकाचं वाटायचं.

एकदा तर मी गाडी अंगणात घेतली, चारही दारं उघडी टाकली आणि वहिनीला म्हणालो, या, बसून बघा, आता त्रास व्हायचा न्हाई. ती ओट्यावर खुर्चीत बसली होती. म्हणाली, मी इथूनच ऐकते. मी आवाज कमीजास्त करून विचारत राहिलो, आता कसं? बरं हाय. आणि आता? बरं हाय की. मग रविवारी येता ना? बघू, म्हणाली आणि गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. मी तिचा चेहरा बघत होतो, कारण माझा प्रश्न कानाचा होता. हात कुठं फिरतोय हे मी बघितलं नाही. बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, तुमच्या गाडीत आता गाणीच बसू द्या. मला वाटलं, स्तुती केली.

सहाव्या रविवारी वहिनीनं तेलाची बाटली माझ्या हातात दिली. आक्काचं तेल संपलं असंल, तेवढं देऊन या म्हणाली. मी एकटाच निघालो. आणि खरं सांगायचं तर गेलो मोठ्या मजेत. शेजारची सीट रिकामी, आवाज शोषायला कोणी नाही, सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावरची हिरवी शेतं दोन्ही बाजूंना, आणि बोनेटवर गाणारा.

हट्ट्याला पोचलो. आक्का अंगणात बाजेवर बसली होती. मी आधी तिला ओळखलंच नाही. डोकं शाळेतल्या पोरासारखं बारीक कापलेलं. कानामागं एका जागी कात्री लागल्याचा लाल ओरखडा. मी बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

सुनेनं पाणी आणलं आणि सांगितलं. पाच रविवार वहिनी आली नाही. आक्का दर आठवड्याला म्हणायची, आता येईल ती रविवारी, तू हात लावू नको. सारखं उशीवर पडून राहायचं, डोक्याला घाम, वर जुनं तेल. मागचे केस एकात एक गेले. सून एकदा बळंच विंचरायला बसली तर कंगव्याचे दात मोडले. मग शेजारची एक बाई आली, तिनं मागून बघितलं आणि एकदम हात जोडले. म्हणाली, जट आली, देवी आली, आता हिला कात्री लावू नका. दुसऱ्या दिवशी ती हळद-कुंकू घेऊन आली, आणि संगं आणखी दोघी. ओटी भरायची म्हणून.

“माझ्या टकुऱ्यात देवी बसवून राहिल्या होत्या,” आक्का म्हणाली. “जल्मभर असल्याच्या नादी लागले न्हाई, आता बाजेवर पडून लागू काय? त्या बसल्या होत्या समोर, तवाच हिला म्हणलं, आन कात्री. काप समदं.”

सुनेनं शिवणाच्या कात्रीनं कापले. तिनं कधी कोणाचे केस कापले नव्हते, म्हणून तो ओरखडा. त्या बाया ताट उचलून निघून गेल्या. आक्का हे सांगताना हसत होती, जिंकल्यासारखी. पण सांगता सांगता तिचा डावा हात दोनदा मानेमागं गेला, वेणी पुढं घ्यायला जातो तसा.

मला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, वहिनीला यायचं असतं हो, पण गाडीतल्या आवाजाचा त्रास होतो तिला.

“कोन म्हणलं?”

“म्हणजे… मलाच वाटलं.”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. “तिला आवाजाचं काय हो? चाळीस लेकरं एकदम रडत असायची तिथं पेंगायची ती.” मग म्हणाली, “मला फोनवर बोलली ती. तुमाला सांगू नको म्हणली होती. धरायचं काढून टाकलं ना तुमी. दाराला धरून चढू गेली तर दार बी हालतं अन् ही बी. त्या दिशी पडता पडता वाचली.”

मी विचारलं, मग मला काहून न्हाई सांगितलं?

“लई खुश होते म्हणे तुमी,” आक्का म्हणाली. “लेकरावानी.”

मी तेलाची बाटली बाजेच्या पायाशी ठेवली. ती कशाला आणली होती, कोणालाच कळेना.

येताना मी गाणी लावली नाहीत, असं इथं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. जवळा बाजारपर्यंत नाही लावली. मग लावली. पण शेजारच्या खांबाकडं नजर जायची, आणि तिथं कापड लावलेला तो डोळा. वहिनीनं पहिल्याच दिवशी त्याला बराबर नाव दिलं होतं.

घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, आक्का कशी हाय? मी म्हणालो, बरी हाय. केसांचं आक्कानं तिला फोनवर कळू दिलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, पण वहिनी लगेच म्हणाली, पुढच्या रविवारी जायला पाहिजे, काही करून जाते मी, तिचे केस लई गुंतले असतील आता. त्यावर मी हो म्हणालो. कणकेच्या थापेहून ही बरीच मोठी होती.

बायकोला मात्र सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं. तिला हँडलचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हणालो, मग तू तरी बोलायचं. ती म्हणाली, “मला वाटलं तुमाला ठाऊक हाय. तुमी तर शेजारीच बसता तिच्या.”

सोमवारी कॉलेजात रजेची अर्जी टाकली आणि मिस्त्रीकडं गेलो. हँडल स्टेपनीखालून काढून त्याच्या हातात दिलं. म्हणालो, हे परत बसव, ट्वीटर तिकोन्यात घाल.

“म्या दोनदा इचारलं होतं साहेब,” तो म्हणाला. त्यात रागही नव्हता, शहाणपणाही नव्हता. काम सुरू करताना माणूस सामान मोजतो तसं तो म्हणाला.

आणि इथं माझी लाज पुरी सांगून टाकतो. तो डाव्या ट्वीटरचे स्क्रू सोडत असताना मी त्याला विचारलं, की हँडल अन् ट्वीटर दोन्ही न्हाई का बसणार, ट्वीटर जरा वर घेतला तर? आक्काचं कापलेलं डोकं कालच बघून आलेला मनुष्य हे विचारत होता. मिस्त्रीनं ट्वीटर काढून माझ्या हातात ठेवला. हँडल लावलं, दोन्ही पायांनी पायरीवर उभा राहून, हँडलला लोंबकळून बघितलं. खांबाच्या प्लास्टिकला ट्वीटरचं गोल भोक राहिलं, हँडलच्या मागून दिसतं. ते बुजवून देतो म्हणाला. मी म्हणालो, राहू दे.

रविवारी सकाळी मी वहिनीला म्हणालो, बसवलं परत. तिनं काय परत, कशाला परत, काही विचारलं नाही. पिशवी घेतली, कंगवा टाकला, निघाली. मी या वेळी आधी आत बसलो नाही. डाव्या दारापाशी उभा राहिलो.

दोन्ही हातांनी तिनं हँडल धरलं. डावा पाय पायरीवर ठेवला आणि थांबली. श्वास घेतला. मग हळूच, स्वतःशीच, अंगणवाडीतल्या लेकरांना उड्या मारायला लावताना म्हणायची तसं म्हणाली, एक… दोन… आणि सगळं अंग दोन हातांवर घेऊन वर गेली. गुडघा कट्‌ वाजला, मला बाहेर ऐकू आला. दुसरा पाय तिनं हातानं उचलून आत घेतला. मग पदर सारखा केला. हे सगळं दोन वर्षं दर रविवारी दोनदा, माझ्यापासून एका हातावर झालं होतं. मी हात पुढं केला तेव्हा ती बसून झाली होती. म्हणाली, सरका, दार लागू द्या.

वाटेत तिला केसांचं सांगायचं मी ठरवलं होतं. औंढ्याच्या आधी सांगू म्हणालो, मग औंढ्याच्या नंतर, मग हट्टा आलं.

वहिनी दारातच उभी राहिली. आक्का हसून म्हणाली, ये, आता तुझं काम कमी केलं मी. वहिनीनं चपला काढल्या. बाजेवर आक्काच्या मागं जाऊन बसली. पिशवीतून कंगवा काढला, बघितला, परत ठेवला. माझ्या हातानं पाठवलेलीच ती बाटली सुनेनं आणून दिली. वहिनीनं तळहातावर तेल घेतलं आणि आक्काच्या डोक्याला चोळायला लागली. हात सवयीनं केसांच्या लांबीनं खाली यायचा, मानेच्या खाली, पाठीवरून, आणि तिथं काहीच नाही. ती परत वर न्यायची. परत तसाच खाली यायचा. तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी बाजेसमोरच्या स्टुलावर बसलो होतो. उठलो आणि म्हणालो, आक्का, चूक माझी हाय. ते हँडल म्याच काढायला लावलं. मिस्त्रीनं इचारलं होतं, तरी म्या कोणी धरत न्हाई म्हणालो. तुमचे केस माझ्यामुळं गेले.

इथपर्यंत ठीक होतं. इथं थांबायला पाहिजे होतं. पण दोघीही गप्प, आणि गप्प बसलेल्या माणसांपुढं माझं तोंड थांबत नाही. मी म्हणालो, म्हणजे तसा माझा हेतू वाईट नव्हता. ते ट्वीटर असतात ना, ते कानाच्या उंचीला लागतात. तिकोन्यात लावले तर आवाज गुडघ्याला अडतो. डॅशबोर्डवर लावले तर काचेवर आपटतो. अन् दोन्ही बाजूंना सारखे पाहिजेत, एक वर एक खाली केला तर गाणारा एका बाजूला सरकतो. आता तिकोन्यात लावलेत, पण पहिल्यासारखं न्हाई राहिलं, बारीक आवाज तेवढा मोकळा येत न्हाई… हे सांगताना माझे दोन्ही हात वर गेले होते, दोन खांब दाखवत, आणि मधे आक्काचं डोकं होतं.

सून चहा घेऊन दारात थांबली होती. वहिनीचा तेलाचा हात थांबला. आक्का सगळं ऐकून घेत होती, मान जरा वाकडी करून. मग तिनं विचारलं,

“पाव्हणे, तुमी माफी मागून राहिले, का अजून गाडीच सांगून राहिले?”